विरघळलेलं जातं कुठे? : तारापूरचा एक रासायनिक इतिहास

हळदीने पिवळी झालेली बोटं साबणाने कितीही घासली तरी पिवळीच राहतात. त्यांवर हँड सॅनिटायझरचे चार थेंब घालून कापसाने पुसून बघा. बोटं उजळतात आणि कापूस पिवळा होतो. हळदीतलं करक्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र विरघळतं. गोष्ट एवढीच. पण आता कापूस पिवळा आहे, आणि तो कुठेतरी टाकायचा आहे.

तारापूरच्या गेल्या साठेक वर्षांच्या इतिहासात हा पिवळा कापूस वारंवार भेटतो. शाळेतल्या इतिहासात तारापूर येतं ते १७३९ च्या वसई मोहिमेत. चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून तिथला किल्ला घेतला, आणि मग हे गाव आपल्या पुस्तकांतून जवळजवळ नाहीसं होतं. ते परत येतं १९६० च्या दशकात, अणुवीज केंद्रामुळे. पाठोपाठ बोईसरला एमआयडीसी आली. आज 'तारापूर' म्हटलं की एक तर अणुभट्टी आठवते, नाही तर कारखान्यांचा धूर.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. केमिस्ट्रीशी माझा संबंध इंजिनियरिंगच्या पहिल्या वर्षापुरता. पण या भागाबद्दल वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. औषध कारखाने, अणुइंधन आणि मासेमारी हे विषय आपण तीन वेगवेगळ्या बातम्यांत वाचतो. तिन्हींच्या मुळाशी प्रश्न मात्र एकच आहे: कुठली वस्तू कशात विरघळते?

मीठ, साखर, आयोडीन

आधी थोडं शाळेतलं. जे विरघळतं ते द्राव्य, ज्यात विरघळतं ते द्रावक. कारखान्यात द्रावकाला सगळे 'सॉल्व्हंट' म्हणतात. नियम ढोबळ आहे, पण कामाचा: सारखं सारख्यात विरघळतं.

खोलीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. तेवढ्याच शुद्ध इथेनॉलमध्ये, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलमध्ये, ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकंही विरघळत नाही. साखरेचंही तसंच. १०० ग्रॅम पाण्यात जवळपास २०० ग्रॅम साखर मावते, इथेनॉलमध्ये ती तळाशी बसून राहते. आयोडीनचं बरोबर उलटं. पाण्यात ते नावापुरतं विरघळतं, अल्कोहोलमध्ये भरपूर. म्हणून जखमेवर लावायचं टिंक्चर आयोडीन अल्कोहोलमध्ये बनवतात.

अल्कोहोल हा दोन घरचा पाहुणा आहे. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याशी जमवून घेतं, दुसरं टोक कार्बनची साखळी असतं आणि ते तेलकट पदार्थांशी जमवून घेतं. ही साखळी जितकी लांब, तितकी पाण्याशी मैत्री कमी. मिथेनॉलमध्ये एक कार्बन, इथेनॉलमध्ये दोन, प्रोपेनॉलमध्ये तीन. हे तिघेही पाण्यात कितीही मिसळतात. चार कार्बनचं ब्यूटेनॉल १०० ग्रॅम पाण्यात सात-आठ ग्रॅमच विरघळतं. आठ कार्बनचं ऑक्टेनॉल तर पाण्यावर तेलासारखं तरंगतं. ब्यूटेनॉल आणि ऑक्टेनॉल ही दोन नावं लक्षात ठेवा, दोन्ही पुढे येणार आहेत.

अत्तराचा खटला

दोन घरच्या या पाहुण्याने कायद्यालाही पेचात पाडलं. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. त्यात 'दारू' या शब्दाची व्याख्या इतकी रुंद होती की अल्कोहोल असलेलं जवळपास सगळंच तिच्यात बसत होतं. मग यु-डी-कोलोनचं काय? खोकल्याच्या औषधाचं काय? टिंक्चरचं काय? सुगंधी तेलं आणि औषधी अर्क पाण्यात उतरत नाहीत, म्हणून तर या बाटल्यांत अल्कोहोल असतं.

एफ. एन. बलसारा नावाच्या मुंबईकराने कायद्याला आव्हान दिलं. व्हिस्की-ब्रँडीबरोबर यु-डी-कोलोन, लव्हेंडर वॉटर आणि अल्कोहोल असलेली औषधं बाळगण्याचा व वापरण्याचा हक्क त्यांनी मागितला. २५ मे १९५१ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पिण्याच्या दारूवरची बंदी कायम राहिली, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं वापरण्यावरची बंदी न्यायालयाने रद्द ठरवली. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल मूलभूत हक्कांसाठी वाचतात. मला त्यात एक रासायनिक भेद दिसतो. बाटलीतला पदार्थ तोच, पण एका बाटलीत तो पेय आहे आणि दुसरीत द्रावक.

ही सीमारेषा आखायला सोपी नाही. उसाच्या मळीपासून बनलेलं स्पिरिट पिण्यासाठी वळवलं जाऊ नये म्हणून त्यात घाण वासाचे किंवा विषारी पदार्थ मिसळतात. त्याला डिनेचर्ड स्पिरिट म्हणतात. असा पदार्थ निवडताना दोन गोष्टी बघाव्या लागतात: तो अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळला पाहिजे आणि सहजी वेगळा काढता येता कामा नये. या कामासाठी मिथेनॉल बराच काळ वापरलं गेलं. त्याची दुसरी बाजूही आपण पाहिली आहे. मिथेनॉल इथेनॉलमध्ये आणि पाण्यात इतकं बेमालूम मिसळतं की ग्लासात थर दिसत नाही, रंग बदलत नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल असलेली दारू पिऊन शंभराहून जास्त माणसं गेली. विरघळलेलं विष डोळ्यांना दिसत नाही.

औद्योगिक अल्कोहोलवर हक्क केंद्राचा की राज्याचा, हा वाद तर अगदी अलीकडे, २३ ऑक्टोबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक मतांनी राज्यांच्या बाजूने निकाली काढला. अल्कोहोल पेय की द्रावक, हा प्रश्न बलसारांच्या खटल्यानंतर ७३ वर्षांनीही न्यायालयातच होता.

मदर लिकर

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि सत्तरच्या दशकात बोईसरजवळची तारापूर औद्योगिक वसाहत उभी राहू लागली. मुंबई जवळ, पश्चिम रेल्वे दारात, जमीन मोकळी आणि समुद्र शेजारी. रसायनं, रंग, औषधं, कापड आणि पोलाद असे नाना कारखाने आले. आपण यातल्या औषधांकडे बघू.

गोळीतलं मूळ औषध बनवायचं म्हणजे दोन पदार्थ कोरडे-कोरडे एकत्र घोटून भागत नाही. त्यांचे रेणू एकमेकांना भेटावे लागतात, आणि भेटीची जागा म्हणजे सॉल्व्हंट: मिथेनॉल, टोल्युईन, ॲसिटोन, आयसोप्रोपिल अल्कोहोल. रिॲक्टरमध्ये प्रक्रिया झाली की हवं ते एका थरात ओढून घ्यायचं आणि नको ते दुसऱ्या थरात सोडायचं. मग द्रावण थंड करायचं, किंवा ज्यात औषध विरघळत नाही असा दुसरा द्रव त्यात घालायचा. औषधाचे स्फटिक खाली बसतात. सेंट्रीफ्यूजमध्ये ते गाळून घेतात. उरलेल्या द्रवाला कारखान्यात 'मदर लिकर' म्हणतात. त्यात सॉल्व्हंट असतं, न बसलेलं थोडं औषध असतं, आणि सगळी अशुद्धीही असते.

औषधाच्या कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या मालात वजनाने मोठा वाटा या सॉल्व्हंटचा असतो, आणि त्यातला एक थेंबही गोळीत जायचा नसतो. म्हणजे जितकं आत येतं तितकं कुठून तरी बाहेर पडणार. मोठा भाग ऊर्ध्वपातन करून परत मिळवतात. पण तिथेही रसायनशास्त्र हात बांधतं. इथेनॉल आणि पाणी साध्या ऊर्ध्वपातनाने वेगळं करत गेलं तर ९५-९६ टक्क्यांपाशी गाडी थांबते, कारण त्या प्रमाणात दोघं एकत्रच उकळतात. पुढे जायला वेगळी यंत्रणा लागते, जास्त खर्च लागतो. काही सॉल्व्हंट वाफ होऊन हवेत जातं, आणि ती वाफ नुसता वास देत नाही. टोल्युईनची वाफ सुमारे पाच अंश सेल्सिअसलाही ठिणगीने पेटू शकते. बोईसरच्या थंडीतही पारा इतका उतरत नाही, म्हणजे इथे ते बारा महिने पेटायला तयार असतं. उरलेलं सांडपाण्यात.

ईथरपासून तारापूरपर्यंत

एमआयडीसीपासून समुद्राकडे गेलं की अणुऊर्जेचा परिसर लागतो. १९६९ मध्ये इथे देशातली पहिली अणुवीज बनू लागली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच परिसरात अणुइंधनाच्या फेरप्रक्रियेचा कारखानाही आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. त्याचं काम समजायला १८४२ पर्यंत मागे जावं लागेल.

त्या वर्षी यूजीन पेलिगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला दिसलं की युरेनियमचं नायट्रेट ईथरमध्ये विरघळतं. क्षार सहसा पाण्याला चिकटून असतात, हा मात्र पाणी सोडून ईथरमध्ये जातो. शंभर वर्षं या निरीक्षणाला फारशी किंमत नव्हती. १९४२ मध्ये अमेरिकेला अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी अत्यंत शुद्ध युरेनियम टनांनी हवं झालं, तेव्हा सेंट लुईसच्या मॅलिन्क्रॉट कंपनीने हीच युक्ती कारखान्याच्या मापात वापरली. ईथर आणि पाणी एकत्र घुसळायचं आणि थर वेगळे होईपर्यंत थांबायचं. युरेनियम ईथरच्या थरात, घाण पाण्याच्या थरात.

पण ईथर भयंकर ज्वालाग्राही. त्याच्या जागी टिकाऊ द्रावक शोधता शोधता ट्रायब्यूटिल फॉस्फेट सापडलं, थोडक्यात टीबीपी. हे ब्यूटेनॉलपासून बनतं. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं, चार कार्बनचं अल्कोहोल ते हेच. टीबीपी सहजी पेटत नाही, नायट्रिक आम्लापुढे टिकून राहतं, आणि युरेनियम व प्लुटोनियमला आम्लाच्या थरातून आपल्याकडे ओढून घेतं. ते जवळपास पाण्याइतकंच जड असल्यामुळे थर नीट सुटत नाहीत. म्हणून ३० टक्के टीबीपी रॉकेलसारख्या हलक्या तेलात मिसळून वापरतात. या पद्धतीचं नाव प्युरेक्स. ती जगापुढे आली १९५५ च्या जिनिव्हा परिषदेत, आणि त्या परिषदेचे अध्यक्ष होते होमी भाभा. पुढे १९६४ मध्ये होमी सेठनांच्या नेतृत्वाखाली ट्रॉम्बेला प्लुटोनियम प्लांट सुरू झाला. सत्तरच्या दशकात त्याच तंत्राचा मोठा कारखाना तारापूरला आला. त्याची क्षमता वर्षाला १०० टन इंधनाची.

आत काय चालतं? वापरलेल्या इंधनाच्या नळ्यांचे तुकडे करून नायट्रिक आम्लात टाकतात. इंधन विरघळतं, नळ्यांचा झिर्कोनियमचा मिश्रधातू विरघळत नाही. मग टीबीपीबरोबर घुसळण. युरेनियम आणि प्लुटोनियम तेलाच्या थरात चढतात, सीझियम आणि स्ट्रॉन्शियमसारखे किरणोत्सारी तुकडे आम्लात राहतात. आता युरेनियम आणि प्लुटोनियम एकमेकांपासून वेगळे करायचे. त्यासाठी प्लुटोनियमच्या अणूला एक इलेक्ट्रॉन देतात. एका इलेक्ट्रॉनने त्याची आवड बदलते आणि ते तेल सोडून पुन्हा पाण्याकडे येतं. एका फेरीत काम पुरं होत नाही, म्हणून हीच फेरी अनेकदा चालवतात. आमच्या भाषेत सांगायचं तर हा एक लूप आहे: प्रत्येक फेरीत थोडी घाण कमी होते, आणि पुरेशी शुद्धता आली की बाहेर पडायचं.

गंमत म्हणजे शेजारच्याच पहिल्या दोन अणुभट्ट्यांचं इंधन या कारखान्यात विरघळू शकलं नाही. रसायनशास्त्राची हरकत नव्हती. १९६३ च्या भारत-अमेरिका करारानुसार फेरप्रक्रियेसाठी अमेरिकेची संमती लागत होती आणि ती मिळाली नाही. ते इंधन साठवून ठेवावं लागलं, आणि कारखान्यात दुसऱ्या अणुकेंद्रांचं इंधन येत राहिलं.

काच

पेलिगोच्या युक्तीतून हवं ते मिळालं. पण आम्लात मागे राहिलेल्या, हजारो वर्षं दखल घ्यायला लावणाऱ्या त्या द्रवाचं काय? इथे अणुशास्त्रज्ञांना पिवळ्या कापसाचा प्रश्न टाळता आला नाही. हा द्रव समुद्रात सोडणं कुणी मान्य केलं नसतं. टाक्यांत कायमचा ठेवावा तर टाकी कधी तरी गंजणार, आणि विरघळलेली वस्तू गळतीच्या पाण्याबरोबर चालू लागणार.

उत्तर उलट्या दिशेने शोधलं गेलं. आता अशी वस्तू हवी होती जिच्यात किरणोत्सारी मूलद्रव्यं विरघळतील, पण जी स्वतः पाण्यात विरघळणार नाही. अशी एक वस्तू माणसाला हजारो वर्षांपासून माहीत आहे, ती म्हणजे काच. ऐंशीच्या दशकात तारापूरलाच भारताचा पहिला काचीकरण कारखाना सुरू झाला. कचरा आटवून वितळलेल्या बोरोसिलिकेट काचेत मिसळतात, ती काच स्टीलच्या डब्यांत ओततात, आणि डबे देखरेखीखाली ठेवतात. प्रयोगशाळेतली चंचुपात्रं ज्या जातीच्या काचेची असतात, त्याच जातीची ही काच.

अणुऊर्जा असावी की नसावी, हा वेगळा वाद आहे. इथे मला एवढंच नोंदवायचं आहे की एका थरात हवं ते मिळाल्यावर दुसऱ्या थराची जबाबदारी कुणावर तरी ठेवली गेली होती.

चमचाभर अल्कोहोल

आता परत एमआयडीसीत. इथला दुसरा थर सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून नवापूरच्या किनाऱ्याकडे समुद्रात जात आला. त्यामागचा विचार एका वाक्यात सांगता येईल: समुद्र मोठा आहे, सगळं विरघळून जाईल.

हिशोब करून बघू. पाण्यात मिसळलेलं इथेनॉल विषारी धातूसारखं टिकून राहत नाही. जिवाणू ते आवडीने खातात. पण खाताना ऑक्सिजन वापरतात: एक ग्रॅम इथेनॉलसाठी सुमारे दोन ग्रॅम. एक लिटर कोमट समुद्राच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो जेमतेम सहा-सात मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमला तीनशेहून अधिक लिटर पाणी लागतं. चहाच्या एका चमच्यात मावणारं, चारेक ग्रॅम अल्कोहोल हजार लिटरच्या टाकीपेक्षा जास्त पाण्यातला ऑक्सिजन संपवू शकतं. हवेतून नवा ऑक्सिजन मिसळत असतो हे खरं, पण संथ खाडीत तो हळू मिसळतो. मासा अशा पाण्यात गुदमरतो, आणि पाण्यात 'विष' शोधायला गेलं तर सापडत नाही, कारण ते तोवर खाऊन संपलेलं असतं.

प्रक्रिया केंद्रातही हेच जिवाणू कामाला लावतात. त्यांच्या पोटात अल्कोहोल जातं, ॲसिटोन जातं. मीठ जात नाही, ते जसं आलं तसं पुढे जातं. काही रंग आणि काही औषधी रेणूही त्यांना पचत नाहीत. आणि केंद्राच्या क्षमतेपेक्षा जास्त किंवा जास्त तीव्र पाणी आलं तर जिवाणूच मरतात.

ऑक्टेनॉल आणि पापलेट

राहिलं ऑक्टेनॉल. १९०० च्या सुमारास हान्स मायर आणि चार्ल्स ओव्हरटन या दोघांना स्वतंत्रपणे दिसलं की एखादं भुलीचं औषध किती जोरकस आहे, हे ते ऑलिव्ह तेल आणि पाणी यांत कसं वाटलं जातं त्यावरून सांगता येतं. शरीर म्हणजे काही प्रमाणात पाणी आणि चरबीचे शेजारी-शेजारी थरच. १९६४ मध्ये कॉर्विन हान्श आणि तोशियो फुजिता यांनी तेलाच्या जागी ऑक्टेनॉल वापरलं, आणि आज कुठल्याही नव्या रसायनाची ही चाचणी होते. ऑक्टेनॉल आणि पाणी एका भांड्यात घ्यायचं, पदार्थ घालायचा, हलवायचं, थांबायचं, आणि कुठल्या थरात किती गेलं ते मोजायचं.

इथेनॉलला पाणी आवडतं. टोल्युईन मात्र पाण्याच्या सुमारे पाचशे पट ऑक्टेनॉलमध्ये जातं. डीडीटी दहा लाख पट किंवा त्याहून जास्त. ऑक्टेनॉल इथे माशाच्या चरबीच्या जागी उभं आहे. म्हणजे ज्या पदार्थाला तेलाची ओढ आहे, जो लवकर तुटत नाही, तो समुद्रात 'विरघळून जात' नाही. तो पाण्यातून माशात जातो, छोट्या माशातून मोठ्या माशात, आणि मोठ्या माशातून ताटात. पेलिगोने भांड्यात जे केलं, टीबीपी तारापूरच्या कारखान्यात जे करतं, तेच समुद्र आपणहून करतो. फरक इतकाच की इथे तेलाचा थर जिवंत असतो.

रुपेरी पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा झाला. पापलेटसाठी नाव असलेलं सातपाटी इथून दक्षिणेला फार लांब नाही. या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या वतीने अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्राला १०० पैकी ९३.६९ गुण मिळाले, देशात सर्वांत जास्त. या परीक्षेत पहिलं येणं म्हणजे सर्वांत प्रदूषित असणं. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांना आणि प्रक्रिया केंद्राला नुकसानभरपाई भरण्याचा आदेश दिला.

तक्रार करणाऱ्यांत ऑक्टेनॉलची चाचणी करणारं कुणी नव्हतं. जाळ्यात काय येतं आणि काय येईनासं झालं, हे त्यांना रोज दिसत होतं. किनाऱ्यापासून दूर, जास्त डिझेल जाळून जावं लागणं हाही एक मोजमापाचा आकडाच आहे.

आता सांडपाण्याची नळी समुद्रात आणखी आत नेण्याची, केंद्राची क्षमता वाढवण्याची कामं हा उपाय मानला जातो. त्यातून किनाऱ्याला दिलासा मिळेलही. पण पुढच्या वेळी 'प्रक्रिया करून समुद्रात सोडलं जाईल' असं वाचलं की तीन प्रश्न विचारता येतात. कोणता पदार्थ? त्याला पाणी आवडतं की चरबी? आणि दुसरा थर कुणाच्या ताब्यात राहणार?

कॉलेजच्या प्रयोगशाळेत थर वेगळे करायच्या नरसाळ्याला खाली तोटी असते. ती उघडण्याआधी खाली चंचुपात्र ठेवायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवतात. तारापूरच्या तोटीखाली नवापूर-दांडीचा किनारा होता.